बालवाडीचा प्रश्न कोणाचा?

तीन वर्षांच्या मुलाने सकाळचे तीन तास काय करावे, हा राजकारणाचा प्रश्न आहे असे पक्षाच्या कार्यकर्त्याला सहसा वाटत नाही. महागाई, रेशन, पाणी, विस्थापन हे विषय त्याच्या बैठकीत येतात. बालवाडीचा विषय आलाच तर महिला आघाडीच्या अहवालातील शेवटच्या परिच्छेदात येतो आणि आभारप्रदर्शनाबरोबर संपतो. अंगणवाडी सेविकांचा मोर्चा निघाला म्हणजे मानधनाच्या मागणीला पाठिंबा दिला जातो, आणि तो द्यायलाच हवा. परंतु त्या अंगणवाडीत मुले प्रत्यक्ष काय करतात हे पाहण्यासाठी मोर्चातील किती पुढारी तिथे तासभर बसले असतील, याची शंका आहे. शिक्षणातील विषमतेवर पोटतिडकीने बोलणारे लोकही तिची सुरुवात पहिलीच्या वर्गापासून धरतात. वास्तविक पहिलीच्या हजेरीपटावर नाव चढेपर्यंत या विषमतेचे बरेचसे काम उरकलेले असते.

शहरालगतच्या कोणत्याही कामगार वस्तीत आज दोन खोल्या आढळतात. एका भाड्याच्या खोलीवर इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीची पाटी असते. आत तीन-साडेतीन वर्षांची मुले रांगेने बसून ठिपक्यांवरून अक्षरे गिरवीत असतात. हात दुखला तरी पान पुरे करायचे असते. दुसरी खोली अंगणवाडीची. तिथे गिरवण्याची सक्ती नाही, गाणी आहेत, खिचडी आहे; पण एरवी मुलांनी हाताची घडी घालून सेविकेचे रजिस्टर भरून होण्याची वाट पाहायची असते. पहिल्या खोलीत मुलाच्या हाताला नको ते काम दिलेले असते आणि दुसरीत कामच दिलेले नसते. मुलाने स्वतः निवडलेले, स्वतःच्या हातांनी केलेले आणि मन भरेपर्यंत पुन्हा पुन्हा केलेले काम दोन्हीकडे नाही.

असे काम म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. कारण ‘कृतियुक्त शिक्षण’ हा शब्द परिपत्रकांनी वापरून वापरून गुळगुळीत करून टाकला आहे. एका सुपात वाल, चिंचोके आणि सागरगोटे एकत्र मिसळून ठेवले आणि शेजारी तीन वाट्या ठेवल्या, तर तीन-चार वर्षांचे मूल कोणी न सांगता ते वेगळे करू लागते. प्रथम रंगावरून, मग आकारावरून, मग आपल्या मनाच्या एखाद्या खुणेवरून, जी मोठ्यांना कळतही नाही. एका वाटीत जास्त झाले, दुसरीत कमी, हे त्याला डोळ्यांनी कळते आणि मुठीनेही कळते. ‘पाच’ हा आकडा लिहिण्याच्या कितीतरी आधी पाचपणा त्याच्या बोटांत येतो. तांब्यातून वाटीत पाणी ओतताना सांडले तर पाणीच त्याला चूक सांगते. बाईंनी सांगण्याची गरज राहत नाही. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवताना एक चुकीच्या जागी गेला की शेवटी एक उरतोच. मग मूल सगळे काढते आणि पुन्हा बसवते. चूक ओळखण्याची सोय वस्तूतच असल्यामुळे शाबासकी आणि छडी या दोन्ही गोष्टी अनावश्यक ठरतात. मणी ओवणे, कापडाच्या घड्या घालणे, मातीच्या गोळ्या वळणे, शेंगा सोलणे या कामांनी बोटांच्या स्नायूंना जो वळसा मिळतो, तोच पुढे लेखणी धरताना उपयोगी पडतो. म्हणून लिहिण्याची तयारी लिहायला लावून होत नाही, हे बालशिक्षणाचे काम केलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. ते ठाऊक नसते ते नर्सरीच्या चालकाला, आणि बऱ्याच वेळा शिक्षणाधिकाऱ्याला.

यात मोठ्या माणसाला काही काम नाही, असा याचा अर्थ नव्हे. उलट तिचे काम अधिक कठीण आहे. कोणती वस्तू केव्हा मांडायची, कोणते मूल अडले आहे आणि कोणते नुसते विचारात आहे, केव्हा जवळ जायचे आणि केव्हा जायचे नाही, हे सगळे पाहण्यावर अवलंबून असते. मुलाच्या कलाने चालणाऱ्या बालवाडीत शिक्षिका बोलते कमी आणि पाहते जास्त. पाहायला वेळ लागतो, आणि वेळ हा तर श्रमाचा प्रश्न आहे.

ही पद्धत श्रीमंतांच्या मुलांसाठी आहे, गरिबाला परवडणारी नाही, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरी यांनी रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या दरिद्री वस्तीत. त्यामागचे कारणही मोठे बोधप्रद आहे. तिथल्या जुन्या चाळी दुरुस्त करून भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या लक्षात आले, की आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली लहान मुले जिने आणि भिंती खराब करतात. वारंवार रंग काढण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, असा हिशेब करून कंपनीने खोली दिली. घरमालकाच्या दुरुस्तीखर्चातून बालशिक्षणातील एक क्रांती जन्माला आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तीन ते सहा वर्षांची सुमारे पन्नास मुले आणि सांभाळायला चाळीच्या राखणदाराची मुलगी, जिला शिक्षिकेचे कसलेही प्रशिक्षण नव्हते. मॉन्टेसरीबाई डॉक्टर होत्या आणि त्यांनी मतिमंद मुलांसाठी केलेली साधने तिथे आणून ठेवली होती. ही साधने एका कपाटात बंद असत. एके दिवशी कपाट उघडे राहिले, शिक्षिकेला यायला उशीर झाला, आणि ती येऊन पाहते तो मुलांनी आपल्याला हवी ती वस्तू काढून घेऊन काम सुरू केलेले. मॉन्टेसरीबाईंनी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो मुलांना शिस्त लावण्याचा नव्हता. त्यांनी मुलांच्या उंचीची, उघडी कपाटे करून घेतली.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, मिलान शहरात असे बालगृह कामगार वस्तीत काढले ते उमानितारिया या समाजवादी विचारांच्या मंडळींनी चालवलेल्या संस्थेने. बालगृहांना लागणारी साधनेही या संस्थेच्या कारखान्यात तयार होऊ लागली. म्हणजे ज्या शब्दाची पाटी आज देणगी घेणाऱ्या शाळांवर दिसते, त्या शब्दाचे पहिले आश्रयदाते कामगारांत काम करणारे लोक होते. पुढे तो शब्द जगभर गेला, साधने महाग झाली, आणि पाटी कोणीही लावू शकत असल्यामुळे तिच्याखाली काय चालते याला धरबंध उरला नाही. १९२४ पासून काही वर्षे मुसोलिनीच्या राजवटीनेही या शाळांना आश्रय दिला होता. मुलांच्या आपोआप येणाऱ्या शिस्तीचे हुकूमशहाला आकर्षण वाटले असावे. पण स्वतः निवड करणारे मूल आणि गणवेशात कवाईत करणारे मूल यांचे एका घरात जमणे शक्य नव्हते. १९३४ पर्यंत दोघांचे फाटले.

ऑक्टोबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेल्या गांधीजींची आणि मॉन्टेसरीबाईंची भेट झाली, तेव्हा असे शिक्षण केवळ सुखवस्तूंच्या नव्हे तर निर्धनांच्या मुलांनाही मिळावे, अशी आशा गांधीजींनी जाहीरपणे व्यक्त केली. बाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांना इथेच राहावे लागले. मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी अनेक शिक्षक तयार केले. परंतु गांधीजींनी बोलून दाखवलेली आशा खरी करण्याचे काम त्याआधीच आपल्या माणसांनी सुरू केलेले होते. वकिली सोडून शिक्षणात आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या आधारस्तंभ होत्या. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला. इथपर्यंतची मुले बहुतांशी पांढरपेशा घरांतली होती. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण १९४५ मध्ये त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या.

ते वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी त्याच मुलखात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. एका बाजूला मोठ्या माणसाच्या हातावरची वेठ सुटत होती आणि काही कोसांवर दुसरी माणसे लहान मुलांच्या हातांचा विचार करीत होती. या दोन कामांत त्या काळी फारसा संवाद असल्याचे दिसत नाही. दोन्हीकडे आपापले कारण असेल. परंतु आज मागे वळून पाहताना ही दोन कामे एकमेकांना पारखी राहिली, ही डाव्या चळवळीची एक मोठी हानी वाटते. अर्धशतकाहून अधिक काळ आपण ती तशीच चालू ठेवली आहे.

बोर्डीला ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या ध्यानात आले, की बालवाडी मध्यवर्ती जागी काढली तर हरिजन आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तिथे येत नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम हा असा आहे. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले प्रथम बायांना पाहून पळत. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणावी लागली; तीच विकासवाडी. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा कुरणात गेली. परदेशी साधनांची किंमत परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती. बिया, पाने, शिंपले, खडे, बांबूचे तुकडे, माती यांतून इंद्रियशिक्षणाचा सगळा क्रम बसवता येतो, हे कोसबाडने दाखवले. वारली मुलाला या वस्तूंची नावे, वास, वजन शिक्षिकेपेक्षा जास्त ठाऊक होते. साधन बदलल्याबरोबर शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हेही थोडेसे बदलले. स्वस्ताईपेक्षा या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे.

ताराबाई १९७३ मध्ये वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात सुमारे चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. एवढे मोठे जाळे जगात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि कुपोषण व लसीकरण या बाबतीत त्याने केलेले काम कोणी कमी लेखू नये. पण योजनेच्या सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण ही सेवा पहिल्यापासून सावत्र राहिली. अंगण गेले, वाडी राहिली. मुलाचे वजन होते, धान्याचे वजन होते. मुलाने आज काय निवडले आणि त्यात किती रमले, याचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नाही. शासनाने खरेदी केलेला खेळण्यांचा संच येतो तो बहुधा कपाटात कुलूपबंद राहतो. वस्तू फुटली किंवा हरवली तर जाब सेविकेला द्यावा लागतो, मग ती तो मुलांच्या हाती का देईल? सान लोरेन्झोचे कपाट चुकून उघडे राहिले होते. इथे त्याची व्यवस्थाच अशी आहे की चूक होऊ नये.

कायद्याची कहाणीही तपासण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे निदेशक तत्त्व होते. त्यात खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो ६ ते १४ वयापुरता. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राज्य ‘प्रयत्नशील राहील’ एवढेच उरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमात तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मोफत शाळापूर्व शिक्षण देण्याची व्यवस्था शासन ‘करू शकेल’ असे म्हटले आहे. करू शकेल, म्हणजे न करूही शकेल. मूलभूत हक्काचा गाजावाजा चालू असताना देशातील सर्वांत लहान नागरिकांना त्यातून हळूच वगळण्यात आले आणि विरोधी पक्षांनीही त्यावर रान उठवले नाही.

त्यानंतर २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण आले. तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्याची, खेळातून आणि कृतीतून शिकण्याची भाषा त्यात आहे. २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ ही घोषणा झाली आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. कागदावर कोसबाडचा विजय झाला असे म्हणावे लागेल. पण हे सगळे करायचे कोणी? तर त्याच सेविकेने. तिला सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे प्रशिक्षण द्यायचे, तेही मुख्यतः दूरस्थ पद्धतीने, स्मार्टफोनवरून. मुलांनी हाताने शिकावे हे तिला पडद्यावरून शिकवायचे, यातला विनोद धोरणकर्त्यांना जाणवलेला दिसत नाही.

सेविकेच्या दिवसाचा हिशेब कोणी मांडून पाहावा. गृहभेटी, गरोदर मातांच्या नोंदी, लसीकरणाची जमवाजमव, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर. त्या वर्षी महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी ॲपच्या निषेधार्थ शासनाचे फोन परत केले होते. २०२५ मध्ये शिध्यासाठी लाभार्थ्याचा चेहरा यंत्राने ओळखण्याची अट आली. नेटवर्क मिळावे म्हणून सेविका फोन घेऊन दाराबाहेर उभी असते तेव्हा आतल्या मुलांकडे पाहणारे डोळे नसतात. केंद्राने तिचे मानधन २०१८ मध्ये तीन हजारांवरून साडेचार हजार केले. राज्यांनी आपापली भर घातली ती बहुतेक वेळा संप झाल्यावरच. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला संप दीड महिन्याहून अधिक चालला. ‘मानधन’ या शब्दातच तिचा कामगार म्हणून असलेला दर्जा नाकारलेला आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला तेव्हा, अंगणवाडी हे शाळापूर्व शिक्षण देणारे, कायद्याने नेमलेले काम करणारे केंद्र आहे, हा मुद्दा निर्णयात महत्त्वाचा ठरला. याचा अर्थ चळवळीने नीट समजून घेतला पाहिजे. सेविका शिक्षिका आहे हे जेव्हा मान्य झाले तेव्हाच तिच्या वेतनाच्या मागणीला बळ आले. मुलांच्या खेळाची मागणी आणि सेविकेच्या पगाराची मागणी या दोन मागण्या नाहीत.

आता पालकांकडे वळावे. वस्तीतील मोलकरीण किंवा बांधकाम मजूर पोटाला चिमटा घेऊन मुलाला नर्सरीत घालतो, म्हणून त्याला अडाणी ठरवण्याची सुशिक्षितांना सवय आहे. तो अडाणी नाही. त्याने पैसे मोजले आहेत आणि त्याला त्याची पावती हवी आहे. गिरवलेली वही ही ती पावती. चिंचोके निवडणाऱ्या मुलाने घरी नेऊन दाखवावे असे काय आहे? शिवाय वरचे वर्ग त्याच अक्षरांच्या बळावर मुलाला आत घेतात किंवा बाहेर ठेवतात, हे त्याने पाहिलेले आहे. सगळे जण टाचा उंचावून उभे राहिले म्हणजे कोणालाच अधिक दिसत नाही, पण एकट्याने टाचा टेकवल्या तर त्याला मुळीच दिसत नाही. अशा ठिकाणी उपदेशाचा उपयोग होत नाही. त्याच मजुराला अंगणवाडीत दोन तास बसवून आपल्या मुलाचे काम पाहू दिले, तर फरक पडतो. जो स्वतः हाताने काम करतो त्याला हाताचे काम ओळखायला वेळ लागत नाही. गवंड्याला ओळंबा कळतो; मुलगी ठोकळ्यांचा मनोरा तोल सांभाळत का रचते आहे, हे त्याला प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल. ‘खेळायला घरी काय कमी आहे’ हा आक्षेपही खोलात जाऊन पाहावा. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे स्टोव्ह आणि पाण्याची पिंपे यांत पाय ठेवायला जागा नाही, तिथे मुलाला दिवसभर ‘हात लावू नको’ हेच ऐकावे लागते. ज्याच्या घरी हात लावायला सर्वांत कमी मिळते, त्यालाच अंगणवाडीत ते सर्वांत जास्त मिळायला हवे.

अलीकडे अर्थशास्त्रज्ञांचा एक वर्ग या मागणीच्या मदतीला आला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात पेरी शाळेत गरीब कृष्णवर्णीय मुलांवर एक प्रयोग झाला. एकूण १२३ मुलांपैकी ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना मिळाली नाही. बालवाडीतील मुले काय करायचे ते स्वतः ठरवीत, करीत आणि मग त्याबद्दल बोलत. चाळिशीपर्यंत दोन्ही गटांचा माग ठेवला गेला, आणि बालवाडी मिळालेल्यांची कमाई अधिक व तुरुंगवास कमी, असे दिसले. नोबेल पारितोषिक मिळवणारे जेम्स हेकमन यांनी यावरून गुंतवणुकीवर वर्षाला सात ते दहा टक्के परतावा मिळतो असा हिशेब मांडला. अर्थमंत्र्याशी वाद घालताना हा आकडा हाताशी असावा. मात्र त्याच्यावर विसंबू नये. परताव्याच्या भाषेत मागितलेली वस्तू परतावा घटला की काढून घेतली जाते. आणि उद्या कोणी दाखवून दिले की गिरवण्याचा परतावा अधिक आहे, तर आपण मुलांच्या हाती पाटी देणार काय? पेरी शाळेबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट सोयीने विसरली जाते. तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित, पूर्ण पगारी शिक्षिका होती. परतावा तिचाही होता.

सेविकांच्या संघटनांच्या पुढच्या मागणीपत्रकात त्यामुळे काही कलमे वेतनाच्या कलमाशेजारीच यावीत. मुले हजर असलेल्या तीन तासांत सेविकेला दुसरे कोणतेही काम सांगितले जाऊ नये, नोंदीचे काम त्यानंतर आणि त्याचा वेगळा मोबदला देऊन व्हावे. फुटलेल्या खेळण्याची भरपाई किंवा चौकशी होऊ नये. खेळणे फुटले याचा अर्थ ते वापरले गेले असा आहे. वीसाहून अधिक मुले असतील तिथे दुसरी शिक्षिका हवी आणि मदतनिसाला स्वयंपाकापलीकडचे शिक्षण मिळावे. शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमातील ‘करू शकेल’च्या जागी ‘करील’ हा शब्द यावा, यासाठी पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी अशासकीय विधेयक तरी मांडावे. आणि ज्या गावांत, वस्त्यांत पक्षाची शाखा जिवंत आहे, तिथे यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. सुताराकडून ठोकळे तासून घेता येतात, शिंप्याकडे चिंध्या मिळतात, नदीचे खडे फुकट असतात. शाखेच्या सभासदांनी महिन्यातून एक सकाळ अंगणवाडीत जाऊन, भाषण न करता, बसावे आणि सेविकेला विचारावे की कपाटाची किल्ली कोणाकडे आहे.